खोडव्यातलं पाचट आणि बरणीतला चुना : तिसऱ्या वर्षाची नोंद

करवीर तालुक्यातल्या आमच्या रानात उसाच्या सलग तिसऱ्या खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला, पाचट (उसाचा वाळला पाला) न जाळता ठेवलंय. पाच सऱ्या मात्र दरवर्षी जाळतो. जीव कळवळतो, पण त्याशिवाय ताडून बघायचं कशाशी?

वाफशावर दोन्हीकडची वरच्या चार इंचांतली माती काढली. प्रत्येकी दोन वाट्या माती बरणीत, मधे चुन्याच्या निवळीची छोटी वाटी, झाकण घट्ट. तिसरी बरणी मातीशिवाय. मातीतले जीव श्वास सोडतात, तो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) निवळीला लागला की वर पांढरी साय धरते. पाचटाखालच्या मातीच्या बरणीत दुसऱ्या दिवशी सकाळीच वाटीभर साय होती. बोट लावलं तर पातळ पापडासारखी चुरली. जाळलेल्या सरीच्या मातीला तेवढी साय धरायला चौथा दिवस उजाडला. मातीशिवायच्या बरणीत कडेला नुसती पुसट रेघ.

आता माती परीक्षणाचा अहवाल. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) दोन्हीकडे जवळपास सारखं! आधी मी हिरमुसलो, मग उलगडलं. पाचट जाळलं की नत्र, गंधक आणि कर्ब (कार्बन) धुरातून जातात. स्फुरद बहुतेक राखेतच राहतं. म्हणजे आग स्फुरद पळवत नाही, ते फिरवणाऱ्या जिवांचं अन्न पळवते. शिवाय स्फुरद तपासायच्या ओल्सेन पद्धतीत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात त्या दिवशी सुटतं तेवढंच मोजलं जातं. जिवाणूंच्या अंगातलं त्यात जवळपास येतच नाही, आणि माझ्या मते खरी शिल्लक तिथंच आहे. आमच्या काळ्या रानात मोकळं स्फुरद चुनखडीला जखडतं, गगनबावड्याकडच्या तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला. जिवाणूंनी धरलेलं मात्र ते मेल्यावर मुळाला मिळतं.

पहिल्या वर्षी चुकलो होतो, नवीन मंडळींनी हे जरूर वाचा. पाचट पसरलं आणि वरून काहीच टाकलं नाही. महिन्याभरात फुटवे पिवळे पडले. बांधावरून आण्णा म्हणाले, "पेटवून मोकळा झाला असतास तर ही पाळी आली नसती बघ." मला उत्तर सुचलं नाही. पाचटात कर्ब रग्गड, नत्र-स्फुरद नावाला. कर्ब स्फुरदाच्या 300 पटींवर गेला की जिवाणू मातीतलंच स्फुरद ओढून घेतात. 200 पटींखाली आला की सोडायला लागतात. नत्राचंही तसंच. म्हणून दुसऱ्या वर्षापासून शिफारशीप्रमाणे टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकतो. पिवळेपणा पुन्हा दिसला नाही.

यंदा औतानं सरीच्या बगला (बाजू) फोडल्या नाहीत. खत पहारीनं, बुडख्यापासून वीतभर अंतरावर. औत फिरलं की मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीचे धागे तुटतात, आणि मुळाच्या आवाक्याबाहेरचं स्फुरद तेच आणून देतात.

मातीतले जीव किती कापड खातात ते बघायला काल दोन्हीकडे मांजरपाटाची एकेक पट्टी पुरली, सुतळी वर बांधून ठेवलीय. आठ आठवड्यांनी उकरून, धुऊन, वाळवून तोलणार. कुणी शिरोळच्या खारवट रानात हेच करणार असेल तर पट्टी त्याच मापाची घ्या, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद.