पेंढ्याखालची जमीन

आषाढ सरत आला होता. रात्रभर कोसळून पावसाने पहाटे जरा उसंत घेतली होती. मी दवाखान्याचं कुलूप काढायला गेलो तर काकी आधीच पायरीवर बसलेल्या. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, मांडीशी सिमेंटची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं. पिशवी न सोडताच कळलं आत काय असणार.

"डॉक्टरांनू, तुम्ही सांगितलात तां औषध सगळां दिलंय. तरी परत सात गेली."

सिंधुदुर्गात पशुवैद्यक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. मेलेली कोंबडी घेऊन आलेली माणसं पावसाळ्यात रोजचीच. पण तेच जनावर, तोच रोग आणि तेच घर दोन आठवड्यांच्या आत परत आलं की पोटात खड्डा पडतो. काकींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात वनराजा जातीच्या कोंबड्यांची 100 पिलं आणली होती. पडवीत बल्बखाली, भाताच्या तुसावर चार आठवडे छान वाढवली, फक्त तीन गेली. मग परसात जाळी मारून केलेल्या आवारात सोडली आणि आठवड्याभरात 11 मेली. तेव्हा त्या आल्या होत्या. रक्ती हगवणीचंच लक्षण होतं. मी पाण्यातून द्यायचं अ‍ॅम्प्रोलियम दिलं, पाच दिवसांचा डोस समजावून सांगितला आणि त्यांना घरी पाठवलं. परसात पाऊल टाकलं नव्हतं. दवाखान्यात गुरांची रांग होती, हे खरं. पण जायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

मागच्या अंगणात दगडावर मी पिशवीतल्या दोन्ही तलंगा उताण्या ठेवल्या. तुरे पांढरेफटक, शेपटीखालची पिसं लाल चिकट. पोट उघडलं. कोंबडीला आंधळी आतडी दोन असतात, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी दोन बोटांसारखी. ती टम्म फुगून पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली होती. कात्रीने चीर देताच साखळलेलं रक्त बाहेर आलं. आमाशय स्वच्छ होतं, राणीखेतमध्ये, म्हणजे मानमोडीत, दिसतात तसे रक्ताचे ठिपके नव्हते. काकींच्या शेजारणीने 'मानमोडी' म्हणून सांगितलं होतं, तो संशय तिथेच मिटला. विष्ठेचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर कॉक्सिडियाची, म्हणजे रक्ती हगवणीच्या जंतूची, गोल अंडी पसरलेली, जाड कवचाची.

"औषधाबरोबर व्हिटॅमिनचं टॉनिक दिलंत का?" मी विचारलं. अ‍ॅम्प्रोलियम चालतं ते या जंतूला बी-1 मिळू न देऊन. वरून बी-1 घातलं तर औषध लंगडं पडतं. पण काकींनी टॉनिक दिलं नव्हतं. डोस बरोबर, दिवस बरोबर, पाणी रोज ताजं. मग उरली एकच गोष्ट, आणि ती मी पाहिलीच नव्हती.

परिचराला सांगून मी गमबूट चढवले आणि काकींना मोटरसायकलवर मागे बसवून निघालो.

आवार लांबून बघण्यासारखं होतं. चिऱ्याचं जोतं, चारी बाजूंनी जाळी, 20 बाय 15 फुटांची जागा. "माझ्या झिलान केल्यान ह्यां सगळां," काकी कौतुकाने म्हणाल्या. मुलगा मेमध्ये मुंबईहून आला होता. खड्डे बुजवायला त्याने तांबडी माती भरून घेतली आणि पिलांचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून वर भाताचा पेंढा जाडसर अंथरला. आईने पावसात तोच पेंढा वाढवत नेला, वरचा भिजला की त्यावर नवा. वरून बघणाऱ्याला जागा सोनेरी, कोरडी वाटावी अशी. आवाराची एक बाजू मात्र घराच्या मागच्या पाखेला लागून होती. कौलांच्या सगळ्या पागोळ्या थेट आत पडत होत्या.

मी आत गेलो, गुडघ्यावर बसलो आणि पेंढ्यात हात घातला. वरचे दोन इंच ओलसर. त्याखाली पेंढ्याची एकसंध चटई झालेली, हाताने फाटेना. ती उचकटली तसा अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. खाली काळा, चिकट थर, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मूठभर उचलून दाबला तर बोटांच्या फटींतून तपकिरी पाणी मनगटापर्यंत ओघळलं. आणि तो गरम होता. बाहेर पावसाचा गारठा असताना त्या थरात ऊब होती.

ती ऊब हाताला लागली तेव्हा सगळं कोडं सुटलं. कॉक्सिडियाचं अंडं विष्ठेतून बाहेर पडतं तेव्हा लगेच रोग देत नाही. त्याला ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं आणि मगच मारक होतं. पिलाने ते टिपलं की आठवड्याभरात त्याच्या विष्ठेतून तशीच अंडी ढिगाने बाहेर पडतात. औषधाने पिलाच्या पोटातला जंतू आटोक्यात आला होता. पायाखाली मात्र त्याची उबवणी चालूच होती. डोस संपला आणि पिलं त्याच ताटात पुन्हा जेवायला बसली. फिनाईलने या अंड्याचं काही बिघडत नाही, ओल्या मातीत ते महिनोन्महिने टिकतं. त्याला मारतो तो कोरडेपणा आणि ऊन. कोकणात जुलैत ऊन कुठून आणायचं? मग कोरडेपणाच हाताने घडवावा लागतो.

उरलेली 79 पिलं आम्ही त्याच क्षणी पडवीत घेतली, नव्या तुसावर, आणि औषधाचा दुसरा कोर्स सुरू केला. छपराखाली तुसासारखं दुसरं काही नाही. हलका, कोरडा, ओल शोषतो, रोज हलवला की आठवडेच्या आठवडे चालतो. काकींना वाटलं तोच आवारात ओतावा. पण उघड्यावर तुसाचं काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या सरीत तरंगतो, दुसऱ्या सरीत चरात वाहून जातो, आणि कोपऱ्यात उरतो त्याला बुरशी धरते. बुरशी धरलेलं अंथरूण तर आणखी वाईट, तिचे कण पिलांच्या फुप्फुसात बसतात.

तोवर शेजारपाजार जमला होता आणि प्रत्येकाचं मत होतं. एक म्हणाले, वाळू टाका. वाळू चांगलीच, पाणी झटकन खाली सोडते, विष्ठा दाताळ्याने वेचता येते. पण ती जाड आणि नदीची हवी. खाडीची रेती खारी, आणि मीठ कोंबडीला सोसत नाही. शिवाय एवढ्या जागेला लागणाऱ्या वाळूची किंमत काकींच्या पिलांच्या किमतीच्या पुढे गेली असती. दुसऱ्याने काळ्या दगडाची ग्रिट सुचवली. तिच्या धारेने तळवे चिरतात, त्यात पू होऊन गाठ धरते, कोंबडी लंगडते. काथ्याचा भुसा आमच्याकडे ढीगभर, पण तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. बागेत हा त्याचा गुण, इथे दोष.

मग काकींची सून म्हणाली, "काजीची टरफलां घालूया काय? कारखान्यात फुकट गावतत." ती काजूच्या कारखान्यात जाते. मी तिला तिचे हात पुढे करायला सांगितलं. अंगठा आणि दोन बोटं काळी पडलेली, कड्यांना कातडी सोललेली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. "हाच चटका त्यांच्या पंजाला, आणि टोच मारली की जिभेला," मी म्हटलं. तिने हात पदराखाली घेतले आणि मान डोलावली.

शेवटी ठरलं ते लाकडाच्या ढलप्यांवर. गावाबाहेरच्या लाकडाच्या गिरणीत रायवळ लाकडाची सालपटं आणि ढलप्या पडून असतात, लोक चुलीला नेतात. मी मालकाला फोनवर दोनदा विचारून घेतलं की त्यात प्लायवूड नाही, रंगाचं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड नाही. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा मी कधीही घेऊ देत नाही. त्यात डिंक आणि रसायनं असतात, कोंबडी ते टिपते आणि अंडी आपली मुलं खातात.

ढलप्याच का, हे काकींना पटवायला मी एक घमेलंभर ढलप्यांवर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी फटींतून तळाला गेलं, वरच्या ढलप्या नुसत्या ओल्या दिसत होत्या, निथळून मोकळ्या. त्यांची चटई होत नाही. विष्ठा पावसाबरोबर खाली उतरते, चोचीच्या आवाक्याबाहेर जाते. आणि कोंबडीचा स्वभावच उकरण्याचा. ती दिवसभर पंजाने वरचा थर परतत राहते, त्यामुळे हवा खेळती राहते.

पण पाण्याची वाट आधी केल्याशिवाय ढलप्यांनाही मी हात लावू दिला नाही. दोन दिवस अख्खं घर राबलं. सगळा पेंढा आणि त्याखालची तीन बोटं माती खरवडून लांब खड्ड्यात टाकली, चुना भुरभुरून मातीने बुजवली. काकींच्या दिरांनी आडवी झालेली एक पोफळ मधोमध चिरून आतला गाभा काढला आणि पाखेखाली पन्हाळ बांधली. पागोळ्या आवाराबाहेर वळल्या, तेव्हाच अर्धं काम झालं. वरच्या अंगाला हातभर चर खणला. जमिनीला किंचित उतार दिला, त्यावर चिऱ्याच्या कपच्या पसरल्या. कपच्याच, भुगा नाही, कारण जांभ्याचा भुगा पावसात पुन्हा चिखलच होतो. वर सहा इंच ढलप्या. पाण्याची भांडी विटांवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणि छपराखाली, म्हणजे सांडलेलं पाणी आत मुरत नाही. एका कोपऱ्यावर झापांची झोपडी करून खाली चुलीची राख आणि कोरडी माती ठेवली, धुळीत लोळायला. पावसाळ्यात लोळायला जागा नसली की अंगावर उवा वाढतात.

80 पक्ष्यांना 300 चौरस फूट तशी कमीच. कुठलंही अंथरूण दाटीला पुरं पडत नाही. म्हणून ठरवलं की निम्मे पक्षी सकाळी, निम्मे दुपारनंतर सोडायचे.

त्या आठवड्यात पडवीत आणखी दोन गेली. पोटात आधीच जे शिरलं होतं त्याला माझ्याकडे उपाय नव्हता. दुसरं गेलं त्या संध्याकाळी काकींचा फोन आला, काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. मी ऐकत राहिलो. दहाव्या दिवशी पक्षी नव्या आवारात उतरवले. आधी सगळे दाराशी घोटाळले. मग एका तपकिरी कोंबड्याने पाय मागे ओढून एक ढलपी उडवली, खाली टोच मारली, आणि त्याला काहीतरी मिळालं असावं, कारण लगेच दुसरी उडवली. पाच मिनिटांत सगळं आवार खसखस वाजायला लागलं. रक्ती हगवण त्यानंतर काकींच्या परसात फिरकली नाही. दर 15 दिवसांनी मी विष्ठेचे नमुने मागवत राहिलो. जंतू होते, ते असतातच, पण काचेवर शोधून काढावे लागत होते. थोडे जंतू पोटात जात राहिले की पक्षी त्यांना तोंड द्यायला शिकतो.

आता परसातल्या कोंबड्यांची कुणाची तक्रार आली की मी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो, त्या उभ्या कशावर असतात? फोनवर सांगता आलं नाही तर म्हणतो, मूठभर उचला, दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. जेमतेम धरून मोडला तर ठीक. नुसती धूळ उडाली तर थोडं पाणी शिंपडा.

दिवाळीनंतर काकी दवाखान्यात आल्या. आवारातल्या ढलप्यांचा खालचा थर काळा, भुसभुशीत झाला होता, तो काढून चार माडांच्या आळ्यांत घातला आणि वर नव्या ढलप्या टाकल्या, असं सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी पिशवीत हात घातला आणि घट्ट मिटलेली मूठ माझ्या टेबलावर आणली.

"बघा आता," म्हणाल्या, आणि मूठ उघडली. काळ्या भुशाचा गोळा क्षणभर तसाच राहिला, मग मोडून माझ्या नोंदवहीवर पसरला. त्याला वास येत होता पहिल्या पावसातल्या मातीचा.