निर्णय तुमचाच

२५ जुलै २०२४, गुरुवार

पहाटे साडेपाचला उठून अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांचं, निवडणुकीतून माघार घेतल्यानंतरचं भाषण पाहिलं. रात्रभर पाऊस कोसळतोय, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, शाळांना सुट्टी दिली आहे. ह्यांनी कुशीवर वळून विचारलं, "कोणाचं काय झालं?" म्हटलं, "काही नाही, झोपा तुम्ही."

दहा-अकरा मिनिटंच बोलले. आवाज खोल गेलेला. बोलताना अडखळणारा एक साध्या घरातला मुलगा स्क्रँटनहून निघून या टेबलामागे येऊन बसला, असं स्वतःबद्दल म्हणाले तेव्हा माझे डोळे भरून आले. वयाबद्दल अवाक्षर नाही. अटलांटातल्या वादचर्चेच्या त्या रात्रीबद्दलही नाही. या पदाचा मला आदर आहे, पण देश त्याहून प्रिय आहे, आता नव्या पिढीकडे सूत्रं देतो, एवढंच. खोलीत घरची माणसं बसली होती म्हणे. बरं झालं. अशा वेळी घरचं कोणीतरी हवं.

मला माघारीचा त्रास होत नाहीये. ते थांबले ते योग्यच झालं. २८ जूनच्या सकाळी ट्रम्पबरोबरची ती वादचर्चा मीही पाहिली होती, चहाचा कप हातात तसाच धरून. एक वाक्य सुरू झालं आणि मध्येच कुठेतरी हरवलं, तेव्हा मीच मोठ्याने म्हणाले होते, "आता थांबावं यांनी." त्याच्या वीस दिवस आधी माझ्या बाबतीत काय झालं होतं हे ठाऊक असूनही म्हणाले.

वाचनालयाचा बक्षीस समारंभ. ओवी समोर उभी होती. बक्षिसाचं पुस्तक माझ्या हातात. तिचे दोन दात पडलेले, वेणीला लाल रिबीन. चार वर्षं दर शनिवारी माझ्यासमोर बसून गोष्टी वाचणारी मुलगी, आणि तिचं नाव येईना. सगळं सभागृह गप्प. शेवटी तिनेच हळूच सांगितलं, "काकू, ओवी."

असो.

रविवारपासून छळतंय ते दुसरंच. रविवारी गुरुपौर्णिमा. वाचनालयात माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, तीन भाषणं. एकोणीस वर्षांचं सगळं आठवून आठवून बोलले. घरी येऊन शाल प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पलंगावर ठेवली. झोपणार तेवढ्यात सव्वाअकराच्या पुढे लेकीचा न्यू जर्सीहून मेसेज आला, "आई, बायडेननी माघार घेतली." एका पानाचं पत्र. समुद्राकाठच्या घरी कोविडमुळे एकटे होते, तिथून टाकलेलं. (द्वादशीला उपास सोडता सोडता त्यांच्या कोविडची बातमी वाचली होती.) अर्ध्या तासात उपाध्यक्ष कमला हॅरिसला पाठिंबा. आणि मग एकेकाची पत्रकं सुरू झाली.

मी दोन वाजेपर्यंत वाचत बसले. पेलोसी, शूमर, ओबामा, सगळे त्यांच्याच पक्षाचे मोठे नेते. प्रत्येकाच्या मजकुरात 'देशभक्त' हा शब्द. पत्र येऊन तास-दोन तासही झाले नव्हते. एवढं प्रेम होतं तर गेले तीन आठवडे ते कुठे होतं? आदल्या दिवसापर्यंत तीसहून जास्त खासदार उघडपणे 'थांबा' म्हणत होते, न म्हणणारे किती असतील. टेक्सासच्या डॉगेटनी २ जुलैला सुरुवात केली, त्यांचा मला राग नाही. सरळ बोलले, आपल्या नावानिशी बोलले. राग आला तो पेलोसीबाईंच्या त्या मुलाखतीचा. ८ जुलैला बायडेन यांनी खासदारांना पत्र लिहून कळवलं होतं की मी लढणार आहे, ठरलंय. त्यानंतर दोन दिवसांनी बाई टीव्हीवर म्हणतात, लढायचं की नाही हे अध्यक्षांनी ठरवायचं आहे, आणि वेळ कमी उरलाय.

म्हणजे निर्णय तुमचाच आहे.

हेच वाक्य. अगदी हेच वाक्य १४ जुलैच्या बैठकीत वाचनालयाच्या सेक्रेटरींनी मला ऐकवलं. चहाची बशी माझ्याकडे सरकवत, किती मऊ आवाजात. "काकू, निर्णय तुमचाच. आम्ही कोण सांगणार?" आणि बाकीचे सहाजण टेबलाकडे बघत बसले. ज्याने निर्णय घेतलेला असतो त्याला कोणी असं सांगत नाही. मी निर्णय सांगितला होता, पुढच्या जूनपर्यंत करते म्हणून. तो मोजला गेला नाही, कारण त्यांना हवा तो नव्हता. मग मी तोही सांगितला आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली.

ती माया खोटी नव्हती. तेच तर समजत नाहीये मला. रविवारी भाषण करताना त्याच सेक्रेटरींचा गळा दाटला होता, मी जवळून पाहिलं. पेलोसीबाईंचंही खोटं नसेल. वर्षानुवर्षं बरोबर काम केलेली माणसं. माणूस खुर्चीत असतो तोवर त्याच्यावरची माया धास्तीखाली दबलेली असते का? आता हा पुन्हा अडखळेल, आता हे आपल्या सगळ्यांना बुडवेल. तो उठला की धास्ती संपते आणि खालची माया वर येते. मग शाल येते. पण ज्याच्या अंगावर ती घालतात त्याला एवढंच दिसतं, की उठल्यावर आली.

शेवटपर्यंत बायडेन यांच्या बाजूने कोण राहिलं, तर बर्नी सँडर्स. २०२० मध्ये ज्यांना हरवून हे उमेदवार झाले, तेच. माझ्या बाजूने त्या बैठकीत वहिनी बोलल्या. एकोणीस वर्षांत आमचं पुस्तकांच्या एका यादीवर एकमत झालेलं नाही. त्यांच्याकडे अजून गेले नाही मी. जायला हवं.

ओबामांनी पत्र लिहिलं त्यात कमलाचं नाव नाही. अजून नाही. त्याचं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि ती उभी राहिली तशी माणसं कशी धावून आली! चोवीस तासांत आठ कोटी डॉलरच्या वर निधी, सोमवारी रात्रीपर्यंत उमेदवारीला हवे तेवढे पक्षाचे प्रतिनिधी. ते वाचताना मात्र बायडेन यांच्याऐवजी माझ्या डोळ्यांसमोर आमची नवी मुलगी आली. पुस्तकांना बारकोड लावायचे म्हणून रविवारीच मोजायला बसली होती. मुलं तिच्याभोवती गोळा झालेली, ओवीसुद्धा. छान दिसत होतं ते. खरंच छान दिसत होतं.

आत्ता सात वाजले. पाऊस वाढलाय, वाचनालय तळमजल्यावर. न राहवून मी तिला मेसेज केला, खालच्या फळीवरची पुस्तकं वर घ्या. लगेच उत्तर आलं, "काल रात्रीच घेतली, काकू. तुम्ही बाहेर पडू नका."

जरा वेळ फोनकडे बघत बसले. मग पुन्हा लिहिलं, लोखंडी कपाटाच्या मागे, भिंतीला टेकवून, जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे आहेत.

तिचा फोनच आला. "अय्या, ते कुठे? थांबा काकू, चप्पल घालते, जाऊन बघते."