टिकली वर, गाळ खाली

आमच्या मोठ्या फ्रिजशेजारी एक छोटा फ्रिज आहे. पाहुण्यांना तो औषधांचा वाटतो आणि मीही ती समजूत फार जोर लावून खोडत नाही. त्यात गेली बरीच वर्षं तीन बाटल्या आडव्या पडून होत्या, प्रत्येकीच्या पोटावर एक लाल टिकली. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या गोड पोर्तुगीज वाईनच्या, बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारलेला असतो. बाटली कधी हलवली तरी परत ठेवताना तोच भाग वर ठेवायचा, म्हणजे खालच्या बाजूला धरलेला साका जागचा हलत नाही. माझ्याकडे रंग नव्हता, टिकल्यांचं पाकीट होतं. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, बाटल्यांचं हळदीकुंकू केलंस की काय?"

2012 साली आम्ही दोघं पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात गेलो होतो, तेव्हा या आणल्या. 1994ची एक, 2003च्या दोन. किंमत घरी निम्मी सांगितली, आणि निम्मीही ऐकून दोन दिवस अबोला होता.

पुण्यात 'पोर्ट' म्हटलं की लोकांना गोव्याहून येताना आणलेली ती गोडमिट्ट बाटली आठवते. दोष त्यांचा नाही, मीही कॉलेजात असताना तीच प्यायले होते आणि खोकल्याच्या औषधाबद्दल मनात आदर वाढला होता. खरी पोर्ट येते ती पोर्तुगालमधल्या दौरो नदीच्या खोऱ्यातून. त्या खोऱ्याची हद्द सरकारने 1756 साली ठरवून दिली. तेव्हा इकडे शनिवारवाड्यात नानासाहेब पेशवे होते. द्राक्षं दगडी हौदात पायांनी तुडवायची पद्धत तिथे अजून काही ठिकाणी टिकून आहे. रस दोन-तीन दिवस फसफसतो, आणि त्यातली निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचंच कडक मद्य ओततात, चांगलं 77 टक्क्यांचं. दूध उतू जायला लागलं की आपण वरून पाणी शिंपडतो, तसं. यीस्ट मरतं, फसफस थांबते, साखर राहून जाते. म्हणून ती गोड, आणि म्हणूनच तिच्यात वीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल.

हे सगळं मी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं. रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, समोर कुणी ऐकणारं दिसलं की मला राहवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे द्राक्षासव." मी वाद घातला नाही. द्राक्षासवात अल्कोहोल आपापलं तयार होतं, इथे बाहेरून घालतात, एवढाच मुद्दा माझ्या हातात होता आणि तो फारसा बळकट नव्हता.

साधी पोर्ट लाकडी पिंपात मुरते. व्हिंटेजचं वेगळं. ती दोन-एक वर्षं पिंपात राहते आणि मग गाळण न करता बाटलीत भरतात. पुढचं सगळं मुरणं बाटलीत, वीस-तीस-पन्नास वर्षं. शिवाय दरवर्षी ती होत नाही. पीक फारच सरस असलं तर कंपन्या ते वर्ष 'जाहीर' करतात, दशकातून साधारण तीनदा. आमच्या घरात वर्षं मोजायची रीत 1961 सालच्या पानशेतच्या पुराची आहे: "पानशेतच्या आधी", "पानशेतनंतर दोन वर्षांनी". मी सासूबाईंना सांगितलं की पोर्टवाल्यांनी 1960 जाहीर केलं, 1963 जाहीर केलं, पण 1961 बहुतेकांनी सोडून दिलं. त्यांना ते फार पटलं. "ते वर्ष कुणालाच मानवलं नाही," म्हणाल्या.

या बाटलीची एक अडचण अशी की ती एकटीने पिता येत नाही. म्हणजे पिता येईल, पण एकदा उघडली की दोन दिवसांत तिची रया जाते. तीस वर्षं झोपलेली वस्तू, आणि जागी झाल्यावर अठ्ठेचाळीस तास. त्यामुळे माणसं जमवावी लागतात. आमच्यात ठेवणीतल्या वस्तूंचं जे होतं तेच या बाटल्यांचं झालं होतं. पैठणी लग्नासाठी, लग्न आलं की "एवढ्या गर्दीत कुठे", आणि शेवटी घडीवर चिरली की हळहळ. शेवटी गेल्या जानेवारीत, पाषाणच्या आमच्या गच्चीत सकाळी दात वाजत होते तेव्हा, मी सहा जणांना फोन केले. पुण्यात पोर्टला योग्य असं खोलीचं तापमान मिळायला जानेवारीच लागतो.

आमचा गट तसा नाशिकच्या वाईनवर वाढलेला. एक दातांच्या डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, शेजारच्या वहिनी, माझी नणंद आणि दोघं तरुण सॉफ्टवेअरवाले, ज्यांना सगळं आधीच माहीत असतं. काकांचा पहिला प्रश्न परवान्याचा. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो म्हणे आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. त्यांच्याकडे आजन्म परवाना आहे. तो ते पाकिटात, देवाच्या फोटोमागे ठेवतात.

तयारी दोन दिवस आधी सुरू झाली. आडव्या बाटल्या उभ्या केल्या, म्हणजे साका हळूहळू बुडाशी बसेल. साका म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं तुरटपणाचे आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटत जड होतात आणि तळाला जाऊन बसतात. म्हणून जुनी पोर्ट फिकी होते आणि मऊही. लोणी कढवल्यावर खाली बेरी राहते आणि वर स्वच्छ तूप, तसंच काहीसं. फक्त ही बेरी खायची नसते. गाळायला मला चक्का टांगायचं मलमलचं फडकं योग्य वाटलं. साबणाचा वास राहू नये म्हणून ते तीनदा नुसत्या कढत पाण्यातून काढलं. काचेचा सरबताचा जग आणि रॉकेलच्या काळातलं, पण रॉकेल कधीच न पाहिलेलं स्टीलचं नरसाळं. ओतताना बाटलीच्या मानेखाली दिवा धरायचा असतो, म्हणजे साका वर सरकताना दिसतो आणि तिथेच थांबता येतं. निरांजन मागितलं तर सासूबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मोबाईलच्या टॉर्चवर भागवलं.

आणि एवढं सगळं झाल्यावर, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी, आमच्या ह्यांनी 1994ची बाटली उलटी करून बुडाचा फोटो काढला. ग्रुपवर टाकायला.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती संध्याकाळ तिथेच संपली असती. तिला परत उभी करून कोपऱ्यात ठेवली आणि ठरवलं की तिची पाळी सगळ्यात शेवटी.

2003 आधी उघडली. त्या वर्षी युरोपात जीवघेणा उन्हाळा होता, आणि तो पेल्यात उतरलेला जाणवतो. रंग जवळजवळ काळा, पहिल्या घोटाला जांभूळ, मग असा तुरटपणा की जीभ टाळ्याला चिकटावी. पुस्तकात अशा वेळी रानातल्या कुठल्या कुठल्या युरोपी फुलांची नावं असतात, जी आमच्यापैकी कुणी हुंगलेली नाहीत. आम्ही आपापली यादी केली: काळ्या मनुका, लवंग, आमसुलाचं पाणी, कात. नणंद म्हणाली, "लहानपणी जांभळं खाऊन शाळेत गेल्यावर बाईंनी जीभ दाखवायला सांगितली होती, ती चव." बँकवाल्या काकांनी आणलेली बाकरवडी मात्र चुकली. तिखटाने अल्कोहोलची आग दुप्पट होते. निळं चीज आणि अक्रोड ठरलेले होतेच, पण खरी जमली ती पुरंदरची अंजिरं. पिकलेलं अंजीर हाताने उकलायचं आणि वर एक घोट. तरुण मंडळी गप्प झाली, यावरून काय ते समजावं.

पोर्टचा जग फिरवायचा तो नेहमी डावीकडच्या माणसाकडे, अशी इंग्रजांची रीत. पण आपल्याकडे डाव्या हाताने काही द्यायचं नाही. त्यामुळे प्रत्येक जण उजव्या हातात जग धरून कमरेतून डावीकडे वळत होता, योगासनाच्या वर्गासारखा. सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या. "प्रदक्षिणाच की," म्हणाल्या. खरंच, दिशा तीच. कुणी जग अडवून बसला तर इंग्रज त्याला विचारतात, "नॉरिचचे बिशप ओळखीचे आहेत का?" आमच्याकडे वहिनींनी विचारलं, "काय हो, लोकल शिवाजीनगरलाच थांबली का?"

1994चा कॉर्क तुटणार हे मला माहीत होतं. एवढ्या जुन्या बाटलीची मान तापलेल्या लाल चिमट्याने धरून, वर ओलं फडकं लावून तोडायची एक पद्धत आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात होणार नव्हती. दातांच्या डॉक्टर पुढे झाल्या. वरचा भाग आला, खालचा राहिला. "मूळ राहिलं," असं पुटपुटत त्यांनी ते तीन तुकड्यांत काढलं, आणि सवयीने "आता तासभर काही खाऊ नका" असंही म्हणाल्या.

फडक्यातून थेंब थेंब उतरलेली ती पोर्ट थोडी गढूळच होती. रंग विटेचा, आमसुली कडा. काका म्हणाले की त्या वर्षी बालेवाडीला राष्ट्रीय खेळ होते आणि ते शाखेतून रजा काढून कबड्डी बघायला गेले होते. डॉक्टरांचं लग्न त्याच वर्षीचं. सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एक जण त्या वर्षी जन्मला होता आणि त्याला एकदम सगळ्यांनी मान दिला. चव कशी होती हे मला नीट सांगता येत नाही. आईच्या हातचं लिंबाचं लोणचं असायचं, काळं पडलेलं, तापातून उठलेल्यालाच मिळणारं. त्यातली आंबट, कडू, गोड अशी वेगवेगळी नावं उरलेली नसायची. त्याच्या जवळपास. सासूबाईंना चमचाभर दिली. त्यांनी ती बराच वेळ तोंडात धरली.

"मुरलंय," म्हणाल्या. त्या हा शब्द सहसा वापरत नाहीत, माझ्या लोणच्याला तर कधीच नाही.

उरलेलं पुणेरी न्यायाने वाटून घेतलं. डॉक्टरांनी पर्समधून काचेची औषधाची रिकामी बाटली काढली, म्हणजे त्या तयारीनेच आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फडकं धुतलं. जांभळा डाग गेला नाही. सासूबाईंनी ते उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, "ती तिसरी कधी?"

"अजून दहा वर्षं तरी ठेवू या, आई. तुरट आहे अजून."

"मे महिन्यात लाईट जाते तासन् तास. तुझा तो औषधांचा फ्रिज काय करणार आहे? नासण्याआधी खावं. पाडव्याला काढ."

फाल्गुन अमावस्येच्या दोन दिवस आधी मी तिला उभी केली. ह्यांचा मोबाईल सासूबाईंच्या उशाखाली आहे.