आधी पार्किंगमधला सॉकेट, मग गाडी: छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा माझा अनुभव

छोटी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात रेंज किती, म्हणजे एका चार्जमध्ये किती किमी जाते. शहरात फिरणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न खरं तर तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न असा की रात्री गाडी जिथे उभी राहते तिथपर्यंत तुमच्या स्वतःच्या मीटरची वायर पोचते का? पोचत असेल तर बाकीचं जमतं. पोचत नसेल तर इतक्यात शोरूमला जाऊच नका, आधी ते बघा.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, जुनी चार मजली सोसायटी, खाली पार्किंग. माझं ऑफिस सातपूर एमआयडीसीत, मुलीचे क्लास कॉलेज रोडला, सासूबाईंची फिजिओथेरपी, भाजी, बँक, सगळं धरून महिन्याला साधारण हजार किलोमीटर होतात आणि ते सगळे गावातल्या गावात, मुंबई नाक्याच्या आणि द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये. अशा चालवण्यात आमची जुनी पेट्रोल गाडी लिटरला पंधराच्या वर कधी गेली नाही, म्हणजे किलोमीटरला सात रुपये नुसत्या पेट्रोलचे.

गाडीची निवड त्यामानाने लवकर झाली. बजेटमध्ये बसणाऱ्या दोनच होत्या, एमजी कॉमेट आणि टाटा टियागो ईव्ही. कॉमेट तीन मीटरपेक्षाही छोटी, १७.३ किलोवॅट-अवरची (म्हणजे तेवढ्या युनिटची) बॅटरी, कंपनी २३० किमी सांगते, आणि पार्किंगला इतकी सोपी की मला मनापासून आवडली होती. पण तिला दरवाजे दोनच, मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते शक्य नाही. शिवाय मागची सीट वापरात असली की डिकी जवळपास नाहीच. एकटा माणूस किंवा दोघंच असाल तर मी आजही कॉमेट बघा असंच सांगेन. बॅटरी भाड्याने घ्यायची स्कीमही २०२४ मध्ये आली, तेव्हा गाडी ४.९९ लाखांपासून आणि वर किलोमीटरला अडीच रुपये भाडं होतं. ऐकायला स्वस्त वाटतं, पण त्यात विजेचा खर्च धरला की किलोमीटरचा खर्च तेव्हाच चार रुपयांच्या घरात जात होता, त्यामुळे रनिंग जास्त असेल तर गणित नीट मांडून बघा. आम्ही टियागो ईव्ही घेतली, २४ किलोवॅट-अवरवाली, पाच दरवाजे आणि २४० लिटरची डिकी. लाँचच्या वेळी कागदावर ३१५ किमी होते, एसी लावून गावात खरे दोनशेच्या आसपास मिळतात. आम्हाला रोज तीस-चाळीस लागतात, मग रेंजची चिंता कसली करायची?

पण बुकिंगच्या आधी मी सोसायटीत अर्ज दिला, आणि खरं काम तिथे होतं.

कमिटीत तीन शंका निघाल्या. लाइट बिल कॉमन मीटरवर येणार का, आग लागली तर काय, आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर? सेक्रेटरी काका रिटायर्ड इंजिनिअर, ते म्हणाले, "मॅडम, नाही म्हणायचं नाहीये आम्हाला, पण उद्या काही झालं तर सही माझी असते." मला त्यांचं म्हणणं पटलं. म्हणून तोंडी वाद न घालता सगळं लेखी दिलं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्या वीज कनेक्शनवरून आपली गाडी चार्ज करता येते, त्याची प्रिंट जोडली. वायर माझ्याच मीटरवरून निघणार हे लिहिलं, वायर कुठून कुठे जाणार याचा हाताने काढलेला नकाशा दिला, खर्च आणि देखभाल माझी असं पत्र दिलं. आगीबद्दल सांगितलं की या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत जे त्यामानाने जास्त स्थिर असतात, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे धोका जास्त करून वायरिंगमध्ये असतो आणि ते आपल्या हातात आहे. काकांना हा मुद्दा लगेच कळला. त्यांनी उलट अट घातली की काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं आणि टेस्ट रिपोर्टची कॉपी सोसायटीला द्यायची. रास्त अट. एनओसी मिळाली.

मग वायरिंग. हा भाग कृपया कोणी घाईत उरकू नका.

गाडीसोबत जो पोर्टेबल चार्जर येतो तो साध्या तीन पिनच्या मोठ्या सॉकेटला लागतो, पंधरा अँपिअरवाल्या, आणि साधारण ३.३ किलोवॅट ओढतो. लोक म्हणतात गीझर पण तेवढंच घेतो की. घेतो, पण गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि गाडी रात्रभर आठ-नऊ तास सलग ओढते, त्यामुळे हलका सॉकेट, सैल स्क्रू, बारीक वायर असेल तर ते तापत जातं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. आमच्या वायरमन दादांनी मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वेगळी टाकली, त्यावर स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा), आणि सॉकेट झाकणवाल्या डब्यात जमिनीपासून चांगला वर, कारण पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं. आम्ही खर्च वाचवायला वायर थोडी बारीक घेऊ का विचारलं तर म्हणाले, "ताई, एकदाच टाकायची आहे, नंतर भिंत परत फोडणार का?"

अडलं ते अर्थिंगपाशी. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेवढं व्होल्टेज दिसायला नको तेवढं दिसत होतं. बिल्डिंगचं अर्थिंग जुनं, त्याचा जमिनीतला खड्डा कोरडा पडलेला. अशा ठिकाणी चार्जर फॉल्ट दाखवतो आणि गाडी चार्ज घेतच नाही, मग लोक सर्व्हिस सेंटरला फोन करत बसतात आणि गाडीला दोष देतात. आम्ही नवीन अर्थिंग करून घेतलं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, धरून चाला.

वीज बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे ते, लिहिलेला असतो तोही बघा. जुन्या फ्लॅटना तो बराच कमी असतो. आम्ही महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेतला, त्यालाही कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागला. आणि घरच्याच मीटरवर चार्ज केलं की युनिट वाढतात आणि शंभर, तीनशेचे स्लॅब ओलांडले की दर चढतो, त्यामुळे घरात आधीच एसी भरपूर चालत असेल तर चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेणं परवडू शकतं, त्याला वेगळा दर असतो. आमचं स्लॅबमध्ये बसलं म्हणून एकाच मीटरवर ठेवलं.

आता एका युनिटमध्ये गावात आठ-नऊ किमी पडतात, म्हणजे विजेचे साधारण दीड रुपये किलोमीटरला. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास वाचतात. तशीच पेट्रोल गाडी आणि ही यांच्यातला फरक आम्हाला तीन लाखांच्या आसपास पडला होता, म्हणजे तो भरून निघायला साडेचार वर्षं, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी. जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नाही हे सगळं त्या किमतीत आलंच. कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, ती अजून मिळते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महिन्याला चारशे-पाचशे किमीच होत असतील तर निव्वळ पैशासाठी ही गाडी घेऊ नका, वसूल व्हायला फार वर्षं जातील.

बाहेरगावचं विचाराल तर त्र्यंबकेश्वर, सिन्नर, दिंडोरी आरामात जाऊन येतो. पुण्याला मध्ये एकदा फास्ट चार्जरवर थांबावं लागतं, रिकामा असेल तर तासाभरात काम होतं, पण कोणी आधी लावून बसलं असेल तर थांबा, म्हणून वृद्ध माणूस सोबत असताना मी ही गाडी पुण्याला नेत नाही. मुंबईला पंचवटी एक्सप्रेस आहे. कसारा घाट उतरताना बॅटरीत थोडं परत येतं, पण येताना तोच घाट चढायचा असतो, ती भरपाई पुरत नाही. शहरासाठी घेतलेली गाडी शहरातच वापरावी असं माझं ठाम मत झालंय, तिथे तिच्यासारखी दुसरी नाही. क्लच नाही, सिग्नलला आवाज नाही, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर एवढीशी गाडी कुठूनही निघते.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनीही अर्ज दिलाय आणि अजून दोघं विचारतायत. प्रत्येकाने आपापली वायर भिंतीवरून ओढली तर मीटर रूमची दशा होईल, म्हणून सेक्रेटरी काकांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेतलाय, सगळ्यांसाठी एकच केबल ट्रे, एक चांगलं अर्थिंग आणि बिल्डिंगचा एकूण भार तपासून घेणे. मी त्यांना एवढंच म्हटलंय की ट्रे चार गाड्यांपुरता नको, सगळ्या फ्लॅटचा हिशोब धरून टाका.