कार्ड गेलं म्हणण्याआधी

सोमवार

गेमिंग पीसीच्या दुरुस्तीत सगळ्यात घाईने काढला जाणारा निष्कर्ष म्हणजे "कार्ड गेलं". पडदा काळा झाला, पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागले, की निकाल लागलाच. ग्राफिक्स कार्ड ही बहुतेक पीसीतली सगळ्यात महाग वस्तू. तिच्यावर खोटा आळ आला तर नवं कार्ड येतं, वीस-तीस हजार जातात, आणि आठवड्याने तोच काळा पडदा परत. म्हणून तपासणीचा क्रम या आठवड्यात नीट लिहून काढतोय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

पहिला प्रश्न: बिघाड नेमका कधी दिसतो? पीसी चालू करताच बायोसच्या (विंडोजच्या आधी मदरबोर्ड दाखवतो त्या) पडद्यावरच ठिपके, चौकटी, उभ्या रेघा दिसत असतील, तर तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. मॉनिटर आणि केबल बदलूनही तेच दिसलं की दोष कार्डच्या मेमरीत किंवा मुख्य चिपमध्ये आहे असं धरायला हरकत नाही. बायोस स्वच्छ आणि विंडोजमध्ये घोळ असेल, तर अजून आशा आहे.

दुसरी युक्ती बिनपैशाची. पडद्यावर घाण दिसत असताना स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर बघायचा. चित्रात घाण उमटली असेल तर ती कार्डच्या आत किंवा ड्रायव्हरमध्ये तयार होतेय. चित्र स्वच्छ असेल तर मॉनिटर, केबल किंवा कार्डचं आउटपुट पोर्ट.

तिसरी गोष्ट कानाची. पडदा गेला, पण गाणं किंवा गेममधला आवाज चालू राहिला, तर पीसी जिवंत आहे. कार्ड, ड्रायव्हर किंवा केबल तेवढी अडकली. अख्खा पीसीच टप्पकन बंद पडला किंवा आपोआप रीस्टार्ट झाला, तर आधी एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) बघायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे पीसी नीट बंद न होता गेला, एवढंच. त्यात कारण सांगितलेलं नसतं. डिस्प्लेची ४१०१ ही नोंद जास्त कामाची: कार्डने दोन सेकंद उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर नव्याने उभा केला. ती अधूनमधून एकदा दिसली तर ड्रायव्हरचं कारण असू शकतं. ड्रायव्हर पुसून नवा टाकल्यावरही रोज दिसत राहिली तर पुढे जायचं.

मंगळवार

आज वीज. याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुका होतात.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून (कार्ड खोचायच्या खाचेतून) कार्डला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनच्या कनेक्टरचे आणखी ७५, आठ पिनचे १५०. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डची घोषित मर्यादा ३२० वॉट, पण काही मिलिसेकंदांपुरती ती याच्या बरीच वर उसळते. सरासरी बघून घेतलेला एसएमपीएस त्या उसळीला घाबरून स्वतःला बंद करतो आणि बदनाम होतं कार्ड. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार पेलावा अशी अट आली ती याच कारणाने.

तपासायला सोपं आहे. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणायचं आणि तोच गेम तासभर चालवायचा. बंद पडणं थांबलं तर एसएमपीएस, कार्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग किंवा उष्णता, या तिघांत बहुधा कारण आहे. एकाच केबलला दोन डोकी असलेली वायर मोठ्या कार्डला लावू नये. दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल न्यायच्या.

आणि हे ठळक लिहून ठेवावं असं: मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबल एका एसएमपीएसच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत. कार्डकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही निराळी. बारा व्होल्ट ग्राउंडवर गेले की संपलं. प्रोसेसरची आठ पिन चार-चार अशी फुटते, कार्डची सहा-दोन अशी; दोन्हींत बारा व्होल्टची बाजू उलट असते. जोर लावल्याशिवाय बसत नाही असं वाटलं की थांबायचं.

अर्थिंगबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचा असतो, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. पण चालू पीसीला एचडीएमआयने टीव्ही जोडताना तो फरक केबलमधून वाट काढतो आणि पोर्टमागचा नाजूक भाग जाळू शकतो. मग "एचडीएमआय गेलं, डिस्प्लेपोर्ट चालतं" अशी तक्रार येते. मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट आले तर ठीक. नाहीतर कार्ड बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बुधवार

"डिस्प्ले येत नाही" याचं कारण कित्येकदा रॅम असते. मदरबोर्डवर चार छोटे दिवे असतील तर प्रोसेसर, रॅम, व्हीजीए (म्हणजे कार्ड), बूट यांपैकी कोणता अडकून राहतो ते बघायचं. मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली नाही ना, हेही. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा ग्राफिक्स आहे तिथे कार्ड काढून पीसी चालवून बघता येतो. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरांना किंवा रायझन ५६०० सारख्यांना ही सोय नाही. तिथे उसनं, जुनं का होईना, दुसरं कार्ड लागतं.

कार्ड काढून बसवणं हा खरा इलाज आहे. जड कार्ड दुसऱ्या टोकाला लोंबतं आणि स्लॉटमधले मागचे संपर्क सुटतात. सोळा लेनच्या (माहितीच्या वाटांच्या) कार्डला जीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आठ किंवा चारच दिसतात ते यामुळे असू शकतं. आरामात असताना स्लॉटचा वेग (पीसीआय एक्स्प्रेस या मानकाची पिढी) १.१ दिसतो, तो बिघाड नाही, वीज वाचवणं आहे. शेजारच्या प्रश्नचिन्हावरून भार देऊन मग वाचायचं.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यानंतर कार्डच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या भिंगाखाली बघाव्यात. नवी पट्टी एकसारखी पिवळी, गुळगुळीत असते. खारट दमट हवेत राहिलेली पट्टी कडेने काळपट होते, मधे टाचणीच्या टोकाएवढे हिरवट ठिपके उठतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड पुरतं. खोडरबर मी टाळतो: सोन्याचा थर फार पातळ असतो, आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊन बसतात.

गुरुवार

उष्णतेचे आकडे नुसते चिपच्या तापमानावरून वाचू नयेत. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) वेगळा दिसतो. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. तो पंचवीस-तीसवर गेला की चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट बहुधा मधून कडेला सरकली आहे. जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत, उदाहरणार्थ ३०८० आणि ३०९० मध्ये, मेमरीचं तापमान ११० ला पोचलं की कार्ड स्वतः वेग कमी करतं. तिथे दोष बहुधा पॅडचा (मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीचा).

पॅडची जाडी हा इथला खरा सापळा. १.५ मिलिमीटरच्या जागी २ मिलिमीटरचं कडक पॅड टाकलं की मेमरी झकास थंड होते, पण हीटसिंक अर्ध्या मिलिमीटरने उचलला जातो, चिपवर टेकतच नाही आणि हॉटस्पॉट शंभरच्या पुढे जातो. जुनं पॅड दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावरून मोजमाप घेतलं तर कमी येतं. त्याच मॉडेलची जाडी शोधूनच पॅड आणावेत. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. कूलर उघडण्याआधी वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

शुक्रवार

कार्ड बाहेर काढून, वीज पूर्ण तोडून, मल्टिमीटर. प्रोब एकमेकांना लावून तारांचा स्वतःचा रोध आधी बघायचा; ०.२ ते ०.३ ओहम येतो, तो वजा करायचा. आठ पिनच्या कनेक्टरवरच्या बारा व्होल्टच्या पिना ते ग्राउंड: चांगल्या कार्डवर शेकडो ओहम ते काही किलोओहम येतात. एक-दोन ओहम आले तर बहुतेकदा एखादा मॉसफेट (वीज नियंत्रित करणारा भाग) शॉर्ट असतो. असं कार्ड "बघू तरी" म्हणून दुसऱ्या चांगल्या पीसीत अजिबात लावू नये.

आता गैरसमजाची जागा. मुख्य चिपशेजारच्या राखाडी चौकोनी कॉइलवर प्रोब ठेवला की मीटर बीप करतो, आणि चिप शॉर्ट असल्याचा शेरा मारला जातो. मोठ्या चिपचा रोध मुळातच एक ओहमच्या खाली असतो, त्यामुळे बीप वाजणारच. बीपवर विश्वास न ठेवता ओहमचा आकडा वाचायचा: तारांचा रोध वजा करून ०.४ उरले तर घाबरायचं कारण नाही, शून्य उरला तर तिथे खरा शॉर्ट आहे. मेमरीच्या कॉइलवर दहा-वीसपासून शंभरपर्यंत ओहम दिसतात. हे आकडे मॉडेलनुसार बदलतात, म्हणून चांगल्या कार्डांची वाचनं वहीत लिहून ठेवणं हीच खरी पुंजी.

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: करू नये. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये सदोष चिपांच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्या पिढीत दोष होता तो सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची हिरवी चकती यांच्यामधल्या सूक्ष्म बंप्सचा. तापवल्यावर तडा तात्पुरता टेकतो, कार्ड काही दिवस किंवा आठवडे चालतं आणि परत जातं. रीबॉलने (चिप काढून तिचे डाग नव्याने लावण्याने) तर चकतीखालचे डागाचे गोळे बदलतात, जिथे दोष नव्हताच. शिवाय ओव्हनमध्ये कपॅसिटर आणि प्लास्टिक खराब होतं, आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या जेवण गरम व्हायचं असतं.

शनिवार

सगळं पाहून कार्ड खरंच गेलं असेल तर बदल. लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, जाडी स्लॉटमध्ये. मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नये. त्याला फक्त चार लेन आहेत आणि अशा बोर्डवर ते बरंच मागे पडतं. आरटीएक्स ४०६० ला आठ लेन, ११५ वॉट. साध्या एसएमपीएसवर बसणारं, जुन्या पीसीला सोयीचं.

जुनं कार्ड चालत असेल तर काढण्याआधी इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर मुळापासून पुसायचा. मग वीज बंद, पॉवरचं बटण दाबून आत उरलेली वीज सोडायची, स्क्रू काढायचे, स्लॉटची खिट्टी दाबायची आणि सरळ वर उचलायचं. सोळा पिनचा नवा कनेक्टर असेल तर फट दिसता कामा नये, आणि पहिल्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये केबल वाकवायची नाही. पिना अर्धवट बसल्या तर हे कनेक्टर वितळू शकतात. रीसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीसाठी) बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करावं लागतं, पण विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर असेल तर ती बूटच होणार नाही. आधी डिस्क जीपीटीमध्ये (नव्या मांडणीत) बदलायची.

जुनं कार्ड घ्यायचं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारात काय, ऑनलाइन काय, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंख्यांची बेअरिंग आणि मेमरीचे पॅड मात्र झिजलेले असतात. आरएक्स ५८० वर २०४८एसपी लिहिलं असेल तर आतले कोअर ५७० इतकेच, खऱ्या ५८० ला २३०४. जुनी चिप नव्या नावाने फ्लॅश केलेली (आतलं सॉफ्टवेअर बदललेली) असेल तर जीपीयू-झेड नावापुढे फेक असं दाखवतो. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची मेमरी चाचणी अर्धा तास. एक चूकही चालत नाही.

नवं कार्ड बसलं की मॉनिटरचा रिफ्रेश रेट परत १४४ वर न्यावा लागतो. तो बऱ्याचदा ६० वर घसरलेला असतो. मग एक गेम अर्धा तास चालवून चिप, हॉटस्पॉट, मेमरी, पंख्याचा वेग आणि खोलीचं तापमान एका चिठ्ठीवर लिहायचं, तारीख टाकायची आणि ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवायची. पुढच्या मे महिन्यात झाकण उघडल्यावर त्याच गेमवर तेच आकडे परत घ्यायचे.