बोक्याची उडी

गुरुत्वाकर्षण किती ठेवायचं, हा प्रश्न माणसाला सहसा पडत नाही. ते आहे तेवढं आहे. पण घरबसल्या स्वतःपुरता एखादा व्हिडिओ गेम करायला घेतला, की हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी समोर येऊन बसतो.

माझा गेम अगदी साधा. एक बोका, कौलारू घरांची रांग आणि दोन छपरांमधल्या फटी. बोका आपणहून धावतो, आपण फक्त उडी मारायची. मध्ये कावळे आडवे येतात, आणि शेवटच्या घरापलीकडे बांबूंवर वाळत टाकलेले बोंबील आहेत. यापेक्षा मोठं ध्येय बोक्याला नको आणि मलाही. दिवसभर मी विम्याच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळते. तिथे एक पैसा इकडचा तिकडे झाला तरी फोन येतात. त्यामुळे रात्री बोंबलांसाठी कोड लिहिणं म्हणजे सुखच.

गेमसाठी मी गोडो वापरते. अर्जेंटिनातल्या दोघा प्रोग्रामरांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर २०१४ पासून फुकट आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही पाहावा आणि बदलावा. त्यात गुरुत्वाकर्षणाचा आकडा आयता मिळतो, ९८०. शाळेतले ते ९.८, शंभराने गुणलेले. पडद्यावर शून्य असतं वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि खाली जाऊ तसा आकडा वाढत जातो. म्हणून वर उडी मारायची तर वेग उणे. बोक्याला उणे चारशे दिले आणि बटण दाबलं. बोका उडाला, आणि जत्रेतल्या फुग्यासारखा सावकाश खाली आला. गणित चोख होतं. बोका मात्र बोका वाटत नव्हता.

यावरचा उपाय जुना आहे. चढताना गुरुत्वाकर्षण कमी ठेवायचं आणि उतरताना जास्त. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्येही बटण दाबून धरलं की मारिओ वर जाताना हलका असतो आणि खाली येताना जड होतो. न्यूटनला हे पटलं नसतं, पण उडी ‘बसते’. त्याआधी १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इनव्हेडर्स हा परग्रहवाशांना टिपायचा गेम केला. इतके सगळे परग्रहवासी पडद्यावर हलवताना त्या मशीनची दमछाक व्हायची; ते मरत गेले की मशीनवरचा भार कमी व्हायचा आणि उरलेले जोरात धावू लागायचे. निशिकादोंनी ते दुरुस्त केलं नाही, तसंच राहू दिलं. खेळ शेवटाकडे जाईल तशी छातीत वाढणारी धडधड त्या मशीनच्या अशक्तपणातून आलेली आहे!

माझ्या बोक्याची खरी परीक्षा घेतली भाचीने. छपराच्या टोकाशी आली की बोका धप्पकन खाली. “अगं मावशी, मी दाबलं होतं!” मी नोंदी काढून पाहिल्या. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे फ्रेम, जातात, आणि हिचं बोट छप्पर संपल्यावर तीन-चार फ्रेमनी पडत होतं. संगणकाच्या मते उशीर. पण डोळ्याने पाहून बोटाने दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच, कीबोर्ड आणि पडदाही आपापला हिस्सा घेतात. तिला जिथे बोका दिसत होता, तिथे तिने वेळेवरच दाबलं होतं.

गेमवाले यासाठी ‘कायोटी टाइम’ देतात. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा प्राणी, कडा संपला तरी हवेत धावत राहतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून हे नाव. कोडमध्ये एवढंच लिहायचं, की पाय सुटल्यापासून सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य. सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. मग माझा हात सैल सुटला. जमिनीला पाय लागायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून पाय टेकताच उडी. कावळ्याची धडक मोजायची न दिसणारी चौकट चित्रापेक्षा लहान. बोंबलाची मात्र मोठी, शेपटीचं टोक लागलं तरी बोंबील आपला!

डबा ऐसपैस खेळताना आम्ही धाकट्यांना कच्चा लिंबू ठरवायचो, त्यांच्यावर राज्य यायचं नाही. पण त्यांना याचा पत्ता लागला की भोकाड. गेममध्ये तर खेळणारा प्रत्येक जण कच्चा लिंबू, आणि कोणाला पत्ता लागता कामा नये. मला स्वतःला ही लबाडी फार आवडते. माणसाचं मन राखून हिशेब करणारा प्रोग्राम ऑफिसात लिहायला मिळत नाही.

भाचीला मात्र पत्ता लागला, कारण मीच कौतुकाने कोड उघडून दाखवला. तिने सहाचे साठ केले. बोका छप्पर संपल्यावर आख्खा सेकंदभर हवेवरून चालत गेला आणि ती हसून हसून सोफ्यावरून घसरली. दोन डावांत तिला त्याचा कंटाळा आला. “हे खोटं आहे,” म्हणाली आणि साठ खोडून शून्य लिहिलं. आता ती शून्यावरच खेळते. बोका तिसऱ्या छपरापुढे जात नाही, पानं वाढून झाली तरी ती उठत नाही, आणि सहा परत करून देऊ का विचारलं तर लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाते.