उकिरड्याची माती

आज घरामागं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा काढत होतो. चार फुटांवर गेल्यावर पुण्यात पुरातत्त्व शिकणारी भाची खाली उतरली. "काका, जरा थांबा की!" गवंडीकाका थांबले. झालं, काम दोन तास बंद, मजुरी चालू!

तिनं त्यांचीच थापी घेऊन खड्ड्याची भिंत तासली, पाणी शिंपडलं. वर मुरूम, मग राखेची बोटभर पांढुरकी रेघ. त्याखाली काळी माती, पण आपल्या रानातल्यासारखी भेगाळणारी नाही. भुसभुशीत, कोळशाचे कण आणि खापरी असलेली.

म्हणाली, लंडनमध्ये रोमन अवशेषांवर असाच काळा थर आहे. आधी वाटायचं, रोमन गेल्यावर तिथं नुसतं ओसाड पडलं. मग मातीचा ढेकूळ रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या डिंकासारख्या द्रवात, घट्ट करून 0.03 मिलिमीटरची चकती घासली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यात कुजलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, सगळं गांडुळांनी कालवलेलं! म्हणजे बऱ्याच ठिकाणी माणसं राबत होती. मला तर हे राजांच्या सनावळ्यांपेक्षा जास्त आवडलं.

आई वरनं बघत होती. "काय बघती एवढं? तिथं आपला गोठा होता. कडेला उकिरडा."

भाची उड्याच मारायला लागली. शेणातला फॉस्फेट नावाचा क्षार म्हणे शेकडो वर्षं मातीत टिकतो, म्हणजे गोठ्याची खूण तपासता येते. नमुना न्यायला डबा हवा, म्हणून तिनं शेंगाचटणीचा रिकामा केला.

आता चटणी पुण्याला कशात न्यायची, यावर घरात वाद चालू आहे.